कोपर आणा हिकडं

नमस्कार करायची साधी रीत त्या माणसाला कधी जमली नाही. समोर तालुक्याचे साहेब येवोत नाही तर स्टँडवरचा पेरूवाला, हे गृहस्थ पुढे होऊन म्हणायचे, "कोपर आणा हिकडं." आणि समोरचा काय म्हणतोय हे ऐकायच्या आत डाव्या हाताने त्याचं मनगट धरलेलं असायचं आणि उजव्या हाताची दोन बोटं कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत शिरलेली असायची. तिथली नस दाबली की करंगळीपर्यंत मुंग्या जातात. माणूस कळवळला की सरांना समाधान वाटायचं. "मऊ हाय. चांगली हाय. बोला, कसं काय येणं केलं?"

कुष्ठरोगात ती नस जाड होते, बोटाला दोरीसारखी लागते. सरांची सगळी हयात ती नस शोधण्यात गेलेली. पण म्हणून काय जिथे तिथे? सुप्याला कुणाच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाचं कोपर धरलं आणि मामाला वाटलं, हा मानपानावरून अंगावर आला. एकदा सहीसाठी बारामतीला माझ्या घरी आले. सासूबाईंनी दार उघडलं. मी स्वयंपाकघरातून पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बोलल्या ते, "तुझ्या ऑफिसातली माणसं ऑफिसातच ठेवत जा," एवढंच.

मी तेव्हा इंदापूर तालुक्याला आरोग्य पर्यवेक्षिका होते. गावोगावच्या आशाताईंची सगळी प्रशिक्षणं माझ्या गळ्यात. हॉल मागायचा, चहा सांगायचा, हजेरी घ्यायची, फोटो काढायचे, अहवाल वर पाठवायचा. क्षयरोगाचे सर यायचे, पाण्याच्या नमुन्यांचे सर यायचे, पडद्यावर चित्रं दाखवायचे, जेवायचे आणि निघून जायचे. सगळं गोडीत चाललं होतं. मग वरून कुष्ठरोगासाठी हे सर आले. निवृत्त झालेले, कंत्राटावर परत घेतलेले. त्यांना परत घ्यायची अवदसा कुणाला आठवली, हे मी पुष्कळदा विचारलं. कुणी कबूल झालं नाही.

पडद्यावरची चित्रं त्यांना चालत नसत. भिंतीवर लावायला वरून पोस्टर आलेली, त्यांवर बोटं झडलेले हात. सर हॉलमध्ये शिरले की आधी ती पोस्टर उलटी करायचे. "असं हुईपतूर वाट बघायची असंल तर तुमाला शिकवायचं कशाला?" उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी भिंतीवर ओळीने कोरे कागद पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगायच्या आत सरांनी साहेबांचं कोपर धरलं. पुष्पगुच्छ खाली पडला.

सकाळचं अख्खं सत्र कोपरातच जायचं. प्रत्येकीने आधी स्वतःची नस शोधायची, मग उजवीकडचीची, मग डावीकडचीची. बाकी अभ्यासक्रम तसाच राहायचा. मी घड्याळ दाखवलं की म्हणायचे, "बाई, घड्याळाला नस न्हाय."

आणि दुपारचं जेवण! त्याने तर मला वैताग आणला. प्रशिक्षणाला जेवणाची पाकिटं मिळतात. सरांनी ती बंद करायला लावली. "पाकीट ज्याचं त्याच्या म्होरं. त्यात काय कळतंय?" प्रत्येकीने घरून भाकरी-कालवण आणायचं आणि सगळं एका परातीत मांडून त्यातूनच घ्यायचं. परात त्यांची स्वतःची. सुप्याहून मोटरसायकलला मागे बांधून आणायचे, आणि जत्रेतल्या ढोलासारखी ती इंदापूरपर्यंत वाजत यायची. कुणाची भाकरी कुणाच्या वाट्याला येईल याचा नेम नाही. "मानूस किती शिकलं ते पेपरावर कळत न्हाय, परातीवर कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भिगवणकडच्या आशाताई धरणातली चिलापी तळून आणायच्या आणि माळकरी बाया तोंड फिरवायच्या. त्यावरून एकदा इतकी वादावादी झाली की शेवटी माशांची परात वेगळी करावी लागली. ती दुसरी परात कुणी आणायची? मी. बारामतीहून. माझ्या स्कूटरवर.

तर अशाच एका प्रशिक्षणात सुनंदाचं ते घडलं.

सुनंदा अंथुर्ण्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची आशा. नवरा कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर. बोलायला फटकळ, पण वस्तीवरची गरोदर बाई दिवस भरत आले की हिच्या तावडीतून सुटायची नाही. गाडी बोलावून, स्वतः शेजारी बसून दवाखान्यात पोचवायची. त्या दिवशी सरांनी जोड्या लावल्या होत्या. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने पेनाचं टोक अंगाला हलकेच लावायचं, पहिलीने जागा बोटाने दाखवायची. सुनंदाच्या जोडीला डाळजची शोभा. सुनंदाच्या दंडावर, बाहीच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. उन्हाचा असेल, असं तिला वाटायचं. शोभाने तिथे पेन लावलं. सुनंदा डोळे मिटून तशीच बसून राहिली.

"सर," शोभा हळूच म्हणाली, "हिला हितं कळंना."

सर आले. त्यांनी पुन्हा पेन लावून पाहिलं, बाजूला लावलं, परत चट्ट्यावर लावलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घरात पाळणा हलला.

"सापडला!" हॉलच्या टोकापर्यंत आवाज. "बघा, ह्याला म्हणत्यात तपासणी! एवढासा हाय तवर सापडला. सा म्हैनं गोळ्या, बाई खडखडीत! वाजवा टाळ्या!"

आणि बायांनी वाजवल्या. सरकारी कार्यक्रमात टाळ्या म्हटलं की वाजवायच्या, हात आपोआपच जातात. टाळ्या थांबल्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सुनंदाच्या दोन्ही बाजूंना माणूस जाईल एवढी वाट झाली. तिने बाही खाली ओढली आणि ती समोरच्या उलट्या पोस्टरकडे बघत राहिली. मला त्या माणसाचा असा संताप आला की परात उचलून त्याच्या डोक्यात घालावी.

मी त्यांना व्हरांड्यात नेलं. "सर, ही गोष्ट अशी ओरडून सांगायची असते का? तिला एकटीला बाजूला घ्यायचं ना!"

"बाजूला कशापायी? चोरी केलीय का तिनं? बाई, लपिवलं की ह्यो रोग वाढतो. आन् भ्याबी वाढतं. मी जलमभर हेच शिकवत आलोय."

पुस्तकात बसणारं उत्तर होतं. आणि हॉलमध्ये एक बाई दोन मोकळ्या वाटांच्या मध्ये बसलेली होती.

जेवणाच्या आधी लेखी चाचणी होती. एका ताटात जेवल्याने हा रोग होतो का? सगळ्यांनी लिहिलं, नाही. उपचार सुरू झालेल्या माणसापासून लागण होते का? सगळ्यांनी लिहिलं, नाही. कितीतरी जणींनी खाली रेघसुद्धा मारली. मग सरांनी परात मांडली आणि सगळ्यांना उपास असल्याचं कळलं.

बुधवार होता. बुधवारी कसला उपास? एकीला नवस होता. एकीचं पोट बिघडलं होतं. एक म्हणाली, "आमच्यात आज चालत न्हाय." सर इतके भोळे, की पहिलीला त्यांनी कोणत्या देवाचा नवस हेही विचारलं. तिसऱ्या-चौथ्या बाईनंतर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. परातीत सुनंदाच्या भाकरी होत्या, सरांच्या होत्या, माझ्या होत्या. आम्ही तिघं जेवलो. मी तर रागानेच जेवले, चवीकडे लक्षच नव्हतं. सुनंदाने दोन घास खाल्ले आणि हात धुतला.

संध्याकाळी मी प्रमाणपत्रं सहीला पुढे ठेवली. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"सगळ्या नापास."

"सर, चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी आहेत."

"पेपरात. परातीत भोपळा. पुन्ना घ्या प्रशिक्षण."

मी समजावलं, हात जोडले. पुन्हा घ्या म्हणणं सोपं असतं. हॉल, चहा, हजेरी, वरची मंजुरी हे सगळं कुणाच्या बापाने करायचं? गृहस्थ परात बांधून निघून गेले. दुसऱ्यांदा का, या प्रश्नाला मी अर्जात "तांत्रिक कारणास्तव" असं लिहिलं. साहेबांनी फोनवर, "तांत्रिक म्हणजे काय?" विचारलं. मी रेंज नसल्यासारखं केलं.

पंधरवडा गेला असेल. सुनंदा ऑफिसात आली. गोळ्या सुरू झाल्या होत्या, चट्ट्याची तिला फिकीर नव्हती. नवराही म्हणाला होता, उसाच्या पाचटाने अंगभर ओरखडे असतात, तिथे एक चट्टा काय. पण वस्तीवर तिला दार उघडत नव्हते. ती काम सोडायचं म्हणून आली होती. सर तिथेच बसून चहा पीत होते.

"शेजारच्या जिजीची सून," ती माझ्याकडे बघून बोलत होती, सरांकडे नाही. "नऊ म्हैनं तिच्या मागं फिरले. कळा लागल्या तवा गाडीत तिचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. आता बाळ झालंय तर जिजी वट्यावरनंच सांगती, पोरगी निजलीय, मागनं ये. रोज निजलेली असती. बाळाचं वजन करायचं हाय, सुईचा दिस जाईल. मला लांब बसवा, काय बी करा, पण बाळाला बघू तर द्या!" मग ती सरांकडे वळली. "सर, टाळ्या वाजवल्या तुमी. मी एसटीनं घरी पोचायच्या आधी वस्तीवर समद्यास्नी ठावं हुतं. हात माझा हुता का तुमचा? मला इचारलं हुतं का?"

सरांनी बशी टेबलावर ठेवली.

"न्हाय इचारलं," ते म्हणाले. "चुकलं." मग, "उद्या येतो वस्तीवर."

"तुमी येऊच नका!"

"यावंच लागतं. आजूबाजूची घरं तपासायची असत्यात. नियम हाय."

नियम खरा होता. मी म्हटलं, "मी बरोबर येणार. आणि सर, तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. साखर हंगाम चालू, रस्त्यात ट्रॉल्यांची रांग. सगळ्या घरांची कातडीची तपासणी आहे एवढंच मी सांगितलं. सर खरोखर मुके होते. पेन लावायचे, मान हलवायचे, पुढच्या घरी. कोपरं मात्र एकही सोडलं नाही.

जिजीच्या अंगणात शेजारणी आधीच जमल्या होत्या. सून आत बाळाजवळ. सुनंदा अंगणात आली नाही, बाहेर शेवग्याखाली उभी राहिली. जिजी म्हणजे त्या वस्तीचं मोठं प्रस्थ. तिने आम्हा दोघांना बसायला पोतं टाकलं, शेवग्याकडे पाहिलंही नाही. अंगणातल्या चुलीवर चहा उकळत होता. तिने पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. फडकं नाही, सांडशी नाही.

एक शेजारीण कौतुकाने म्हणाली, "आमच्या जिजीला चटकाच बसत न्हाय बघा. तवा बी तसाच उचलती."

"कामाचं हात हायती," जिजी म्हणाली. "तुमच्या नाजूक पोरींगत न्हाय."

सरांनी कप खाली ठेवला. सवयीने त्यांचा हात पुढे गेला, बोटं खोबणीत गेली. एक कोपर, मग दुसरं. फार वेळ. मग त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि पेन करंगळीला टेकवलं. जिजी डोळे मिटून हसत म्हणाली, "लावा की, कवा लावताय?"

सरांचं तोंड उघडलं. ते मोठं वाक्य मला दिसलं, हॉलच्या टोकापर्यंत जाणारं. अंगण भरलेलं होतं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते शेवग्याकडे बघत होते. सुनंदाने त्यांची पकड ओळखली होती. तिने अंगणातल्या बायांकडे पाहिलं, जिजीकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

तोंड मिटलं. "काय न्हाय, जिजी," सर म्हणाले. "हाताला कष्ट लई. एकदा दवाखान्यात दाखवा. सुनंदाताई नेतील." सुनंदाताई! आतापर्यंत ती "ए, ती अंथुर्ण्याची" होती.

परत येताना सुनंदा रस्त्यापर्यंत आली. "जाड हाय?"

"दोनीकडं. लई दिसांचं असंल. कोन सांगणार तिला? मी सांगू?"

"नगं," ती पटकन म्हणाली. "मी सांगते. ती एकटी असताना, मागल्या दारानं जाऊन. मला कुनी असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं."

सरांनी मोटरसायकलला किक मारली. ती सुरू झालेली होती, तरी दोनदा मारली.

पुढचं मला सुनंदाकडूनच कळलं. जिजी आधी भांडली, मग रडली, माझी बोटं झडतील का म्हणून विचारत राहिली. सुनंदाने बाही वर करून आपला चट्टा दाखवला, फिकटपणा कमी होत चाललेला. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं, गोळ्या सुरू झाल्या. वस्तीला सांगितलं, हातांच्या शिरांचं दुखणं. ते खोटंही नव्हतं. आणि एका सकाळी जिजीने वट्यावरून हाक मारली, "सुनंदे, बाळाचं वजन करायचं ऱ्हायलंय का गं?" जिजीच्या घरी ती जाते म्हटल्यावर बाकीची दारंही उघडायला लागली. कुणी का म्हणून विचारलं नाही.

मग ते दुसरं प्रशिक्षण उजाडलं. बाया रागावूनच आलेल्या. पुन्हा कोपरं, पुन्हा चाचणी, पुन्हा पैकीच्या पैकी. दुपारी परात मांडली. सुनंदाने मोठं गाठोडं सोडलं.

शोभाने वरची भाकरी उचलून उजेडात धरली. "काय पातळ हाय गं! तू थापल्यास?"

"वरच्या आमच्या शेजारच्या जिजीच्या. मुद्दाम दिल्यात," सुनंदा म्हणाली. "खालच्या माज्या."

आणि बाया जेवायला बसल्या. या खेपेला उपास नव्हता. जिजीच्या भाकरी हातोहात गेल्या. "असली भाकरी आता कुणाला येती," एक म्हणाली. "जुन्या हाताची चवच न्यारी," दुसरी म्हणाली. परातीच्या तळाशी सुनंदाच्या भाकरी तशाच राहिल्या. सर त्या तळाकडे बघत होते. शोभानेही पाहिलं असावं. तिने इकडेतिकडे पाहिलं, हात घातला, खालची एक काढली, मोडली आणि खाल्ली. बाकी कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी सरांनी एकाच प्रमाणपत्रावर सही केली. "डाळजची पास. बाकी समद्या नापास."

हॉलमध्ये एकच गलका उठला. "आमी जेवलो की! उपास धरला का कुनी? परात पुसून खाल्ली! आता काय राहिलं, सर?"

सर उठून उभे राहिले. नरडं फुगलं, चेहरा लाल झाला. तुम्ही परात पुसून जे खाल्लंत ना, असं ते सुरू करणार हे मला स्पष्ट दिसलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना असा धडा एकदासुद्धा हातात मिळाला नसेल. पुढ्यात बसलेल्या सुनंदाने वर पाहिलं. सरांनी परातीच्या तळातली उरलेली एक भाकरी उचलली आणि अख्खीच्या अख्खी तोंडात कोंबली. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चावत राहिले. बाया बघतच बसल्या.

सुनंदा हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर बाजूला टाकून, मांडीवर हात आपटून. टाळ्यांच्या त्या दिवसानंतर ती हसलेली मी पाहिलीच नव्हती.

"काय झालं गं हसायला?" शोभाने विचारलं.

"काय न्हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "सरांचा घास मोठा हाय."

मला मात्र हसू येत नव्हतं. तिसऱ्यांदा हॉल मागायचा होता. तिसऱ्यांदा चहा, तिसऱ्यांदा हजेरी, दोन पराती, आणि वर पाठवायला कारण. मी बाहेर येऊन स्कूटरला चावी लावते तोच साहेबांचा फोन. कुणीतरी आधीच कळवलं असावं.

"बाई, प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं म्हणे. आता कसलं तांत्रिक कारण?"

मी इतकी वैतागले होते, की खरं तेच तोंडातून गेलं.

"भाकरी उरल्या, साहेब."